सगळ्यांत आखूड श्वास

“पाच सुरांत काय मावतंय गं, छोटे?”

हा आवाज एकतीस वर्षांपूर्वीचा. तरी दर साली शाळा सुरू झाली, नव्या मुलांच्या हातात वाद्यं आली, की बँडच्या बाईंच्या कानात तो हटकून वाजायचा. दाराशी कुणी नसताना बेल वाजावी तसा. आजही वाजला. बाईंनी मान झटकली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे नजर लावली.

“हं, भर श्वास. पोटात भर, खांद्यात नको. खांदे काय फुगे आहेत?”

समोरची मुलगी वर्गात सगळ्यांत लहान चणीची, आणि तिनं हट्टानं निवडलेला ट्युबा वर्गात सगळ्यांत मोठा. त्या पितळी वेटोळ्यामागे तिचं नुसतं कपाळ दिसायचं. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं, आणि तिनंही ते मुकाट घेतलं होतं. मुंगीनं फुंकलं. जहाज धक्क्याला लागावं तसा आवाज आला. बाई बोटांवर मोजत राहिल्या.

“चार मात्रा,” त्यांनी वहीत लिहिलं. “बसा मुंगीबाई. डोंगर हलवलात.”

वहीत चाळीस मुलांची चाळीस पानं होती. कुणाचे पुढचे दात पडलेत, बासरी फुंकताना कुणाला गरगरतं, ट्रॉम्बोनची नळी सरकवताना कुणाचा हात कुठवर पोचतो. सगळं त्या पानांवर. नऊ वर्षांच्या हाताला त्या नळीची शेवटची दोन घरं लागतच नाहीत. मग ते दोन सूर बाई लिहीत नसत. शिवणारीनं आधी माप घ्यावं आणि मग कापडाला कात्री लावावी, तसं त्यांचं काम. नवशिक्या मुलांसाठी छापील गाणी मिळत, चांगलीही असत. पण ती कुणाच्या तरी मापाची, या पोरांच्या नव्हे. म्हणून दरवर्षी बाई नवं गाणं लिहीत. पाच सूर, सा ते प. ओळ किती लांब? वर्गातल्या सगळ्यांत आखूड श्वासाएवढी. आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला एकच सूर असा, जो त्याला अजून येत नाही.

‘जिना’, ‘पाणी तापतंय’, ‘हरवलेला मोजा’. अशी एकतीस गाणी कपाटात दोरीनं बांधून ठेवलेली होती. प्रत्येक गाणं एकदाच वाजलेलं. पुढच्या वर्षीच्या पोरांना ते कुठं घट्ट, कुठं सैल व्हायचं.

त्यांतलं पहिलं लिहिलं तेव्हा बाई चोवीस वर्षांच्या होत्या. कागद घेऊन त्या थोरल्या भावाकडे धावत गेल्या होत्या. दादा तेव्हा शहरातल्या मोठ्या ऑर्केस्ट्रात नुकताच पहिल्या ट्रम्पेटच्या खुर्चीवर बसला होता. तो ट्रम्पेट पुसत होता. कागद त्यानं पाहिला, जरा जास्तच वेळ पाहिला, आणि परत देत हसला.

“पाच सुरांत काय मावतंय गं, छोटे?”

“शनिवारी ये की ऐकायला. सकाळी दहाला. तिसऱ्या रांगेत खुर्ची ठेवते.”

“जमलं तर बघतो.”

खुर्ची रिकामीच राहिली. बरंच झालं म्हणा. कारण त्या दिवशी भर गाण्यात ढोलकऱ्या पोराच्या हातून काठी निसटली आणि गडगडत मंचाखाली गेली. दुसरी कुठलीही पोरं पुढं वाजवत सुटली असती. ही थांबली. अख्खा बँड, श्वास धरून. पोरगा खाली उतरला, काठी घेऊन वर आला, मग सगळे एकदम पुन्हा सुरू झाले. गाण्याच्या मधोमध एवढं मोठं भोक पडलं. बाई घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडल्या. आणि रडून झाल्यावर त्यांना वाटलं, अगं, पण ती थांबली! कुणी सांगितलं होतं त्यांना?

तेव्हापासून त्यांच्या वर्गात एक नियम झाला. मागे राहिलेल्याला टाकून कुणी पुढं जायचं नाही.

दादाला मात्र त्यांनी त्यानंतर एकही कागद दाखवला नाही. त्यानं विचारलंही नाही. भाऊबहिणीचं प्रेम आटलं नव्हतं. घरी येणंजाणं, दुखलंखुपलं सगळं होतं. फक्त त्या एका खोलीला दोघांनी बाहेरून कडी घातली होती. तिसऱ्या रांगेतली खुर्ची ठेवायची सवय तेवढी राहून गेली. बाई तिच्यावर आपली पर्स ठेवत.

*

मोजणी अर्ध्यावर आली होती, तेवढ्यात दारात वहिनी उभी राहिली.

“वन्सं, येऊ का? एक नवा विद्यार्थी आणलाय. जरा जून आहे.”

तिच्या मागे दादा होता. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या तोंडावरून वारं गेलं होतं. सकाळी चूळ भरायला गेला तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं, तेव्हा कळलं. आता डावा डोळा जरासा उघडा राहायचा आणि हसू चेहऱ्याच्या अर्ध्या वाटेवरच अडायचं. ऑर्केस्ट्रातल्या त्याच्या खुर्चीवर दुसरा बसला होता. बगलेत ट्रम्पेटची पेटी होती, पण धरली होती ती परक्याची वस्तू धरावी तशी.

“डॉक्टर म्हणतात, फुंका,” वहिनी म्हणाली. “पहिल्यापासून सुरुवात करा, लहान मुलासारखी. घरात पेटी उघडत नाहीत. मी काही म्हटलं की म्हणतात, तुला काय कळतं. मग म्हटलं, जिला कळतं तिच्याकडं चला.”

“मी एवढंच सांगायला आलोय,” दादा म्हणाला. शब्द त्याच्या ओठांत अडकत, मग एकेक सुटत. “तुमच्या वार्षिक कार्यक्रमापर्यंत बघतो. सूर आला तर आला. नाही तर ही पेटी शाळेला ठेवून घे. घरात नको मला.”

बाईंनी पेटीकडे पाहिलं. त्या पेटीला कधी कुणाला हातसुद्धा लावू न देणारा हा माणूस. पण चाळीस जोड्या डोळे बघत होते.

“तिसऱ्या ओळीत जागा आहे,” त्या म्हणाल्या. “बस. श्वास मोजायचाय.”

“छोटे, मी या पोरांत बसू?”

“वर्गात बाई म्हणायचं.”

पोरं फिसकन हसली. दादा दोन नऊ वर्षांच्या ट्रम्पेटवाल्यांच्या मधे, गुडघे छातीशी येतील अशा बुटक्या खुर्चीत बसला. ट्रम्पेट ओठांना लावला. ज्या ओठांनी अडीच हजार माणसांचं सभागृह गप्प केलं होतं, त्यांतून नुसती हवा सुटली. फुर्रर्र.

शेजारचा पोरगा धीर देत म्हणाला, “माझंपण आधी असंच व्हायचं, आजोबा. ओठ आवळून धरा, चिंच खाल्ल्यासारखे.”

वहिनीनं पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की काय, ते दिसलं नाही.

दादानं ओठ आवळले. डावा आवळला जाईना, म्हणून बोटानं दाबून धरला. फुंकलं. एक बारीक, चिरका सा निघाला आणि विझला.

“दोन,” बाईंनी नव्या पानावर लिहिलं. वर्गातला सगळ्यांत आखूड श्वास ठरला होता.

*

दोन मात्रांची ओळ! चारच्या मापात बाईंनी पूर्वी लिहिलं होतं, एकदा तीनच्याही. पण दोन मात्रांत वाक्य म्हणजे उंबरा ओलांडला तोच घर संपलं. रविवारी दुपारी त्या खिडकीशी कोरा कागद घेऊन बसल्या. पाच ओळी लिहिल्या, पाचही खोडल्या. सुरांची उचकी लागल्यासारखं वाटत होतं.

खिडकीखालच्या बागेत एक बाप आपल्या लेकीला झोका देत होता. साखळी कुरकुरत होती. झोका गेला, वर टोकाला क्षणभर थबकला, परत आला. बाईंचा हात कागदावरच राहिला. आई पाळणा हलवायची तेव्हा मनचं काहीबाही जुळवून गुणगुणायची. एका हेलकाव्याला एवढासा तुकडा, दुसऱ्याला दुसरा.

*एक झोका गेला, गेला वाऱ्याच्या घरी,*
*परतून आला, माझ्या बाळाच्या उरी.*

आईचाही श्वास तेव्हा आखूडच असणार. दिवसभराच्या कामानं थकलेली. पण गाणं कधी तुटलं नाही, कारण मधला थांबा तिनं पाळण्याच्या हाती सोपवला होता. टोकाला गेलेला झोका थबकतो, तेव्हा तो कुणाचाच नसतो. तरी गाणं चालूच असतं.

बाई ताडकन उठल्या, पुन्हा बसल्या. दोन मात्रा ट्रम्पेटच्या. त्यांचा श्वास संपतो न संपतो तोच बासऱ्यांनी उचलायचं. बासऱ्या दमल्या की क्लॅरिनेटनी. खाली मुंगीचा ट्युबा, जमिनीसारखा. एकाच्या उरातून दुसऱ्याच्या उरात, असा एक्केचाळीस जणांचा मिळून एक श्वास, सरळ पानभर लांब! चार वाजता चहा ठेवला होता, तो आटून भांडं करपलं तेव्हा त्यांना वास आला.

शेवटी दादाचं पान. त्यात त्यांनी सगळीकडे सा लिहिला होता. नियम सगळ्यांना सारखा म्हणून त्याच्याही वाट्याला एक न येणारा सूर टाकायचा होता. ट्रम्पेटवर सा आणि प यांना बोटं सारखीच, तिन्ही दट्टे मोकळे. फरक सगळा ओठांचा. त्यांनी अगदी शेवटी, सगळे गप्प असताना, त्याला एकट्याला एक प दिला. दोन मात्रांचा. त्याच्यानंतर सगळ्या बँडनं एकत्र यायचं.

लिहून झाल्यावर त्यांना भीती वाटली. खोडावं का? रबर हातात घेतलं आणि ठेवून दिलं.

*

दादा रोज आला. पोरांच्या आधी यायचा, खुर्च्या मांडायचा. बसल्या बसल्या उजव्या हाताची बोटं मांडीवर चालवत राहायचा. मोकळी, पहिलं-तिसरं, पहिलं-दुसरं... मधेच बोटं थांबून राहत. आजारानं सवय तुटत असेल बिचाऱ्याची, असं बाईंना वाटे, आणि त्या नजर दुसरीकडे वळवत.

सगळ्या बँडनं पहिल्यांदा एक सूर मिळून धरायचा दिवस उजाडला. बाईंच्या आयुष्यात हा दिवस याआधी एकतीस वेळा आला होता, तरी आदल्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. तोवर प्रत्येक पोर आपापल्या वाद्याशी एकटं झगडत असतं. कोण गाढवासारखं ओरडतंय, कुणाच्या वाद्यातून वाफेचं पाणी गळतंय. आणि मग एका क्षणी...

“फक्त सा,” बाई म्हणाल्या. हात वर केला. एक्केचाळीस छात्या भरल्या. हात खाली आला.

पहिल्यांदा नुसता गलका. मग त्या गलक्यातला एकेक धागा सरकत सरकत शेजारच्याला बिलगला. आणि अचानक आवाज एकेका वाद्यातून येईनासा झाला, तो अख्ख्या खोलीचाच झाला. खिडकीची काच थरथरली. फळ्याच्या कडेवरचा खडू घरंगळत खाली पडला. पोरांचे डोळे विस्फारले. वाजवता वाजवता ती एकमेकांकडे बघत होती, हे आपण केलं?

बाईंनी मूठ मिटली. आवाज थांबला तरी खोलीत काहीतरी उरलं होतं.

मुंगी ट्युबामागून हळूच म्हणाली, “बाई, माझ्या पोटात वाजलं.”

बाईंनी तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. दादानं ट्रम्पेट मांडीवर उतरवला होता.

“मी एकट्यानं शिकलो गं,” तो म्हणाला. ‘बाई’ म्हणायचं विसरला होता. “बंद खोलीत, भिंतीसमोर. मला हे माहीतच नव्हतं.”

*

कार्यक्रम शनिवारी सकाळी दहाला. सभागृह पालकांनी भरलेलं. तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर यंदा पर्स नव्हती, वहिनी बसली होती. तिच्या शेजारी दादाचा जुना दोस्त, ऑर्केस्ट्रात मोठे ढोल वाजवणारा. सगळे त्याला गडगड्या म्हणत. माणूसही आवाजाला शोभेल असाच, दीड खुर्चीचा.

मंचावर एकोणचाळीस पांढरे सदरे लहान मापाचे होते, दोन मोठ्या मापाचे. एक दादाचा, एक बाईंचा. चाळिसावी मुंगी; तिचा सदरा ट्युबामुळे दिसतच नव्हता.

‘झोका’ सुरू झालं. दोन मात्रा गेल्या, दोन आल्या. ट्रम्पेटनं सोडलं ते बासरीनं झेललं. एका क्लॅरिनेटनं चीं केलं, कुणी हसलं नाही. सभागृहातली कुजबुज हळूहळू मावळली. एवढी एवढीशी पोरं, एवढे एवढेसे श्वास, आणि त्यांतून निघालेली ती लांबच लांब ओळ कुठं संपेच ना. कडेवरच्या बाळांनीसुद्धा चुळबुळ थांबवली.

मग सगळे गप्प झाले. दादाची पाळी आली.

त्यानं ओठ आवळले. फुंकलं.

फुर्रर्र.

बाईंचा हात हवेत राहिला. एक मात्रा गेली. दोन गेल्या. पुढं सगळ्या बँडनं शिरायचं होतं. पण कुणीच शिरलं नाही. चाळीस पोरं श्वास धरून थांबली होती. लोकांना वाटलं, संपलं. मागच्या रांगेत टाळ्या सुरू झाल्या, पसरू लागल्या.

“थांबा ना!” ट्युबामागून खणखणीत आवाज आला. “आजोबांचं व्हायचंय अजून!”

टाळ्या जागच्या जागी विझल्या. साडेतीनशे माणसांच्या त्या सभागृहात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. दादाच्या कपाळावर घाम होता. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात खाली घेतला नाही, हलवलाही नाही. फक्त स्वतः श्वास भरला, दिसेल असा, पोटात.

त्याच्या शेजारच्या पोरानं आपला ट्रम्पेट मांडीवर ठेवला, हात लांबवला आणि दादाच्या ओठाचा डावा कोपरा बोटानं दाबून धरला.

प आला.

बारीक होता. कडेला फाटलेला होता. जेमतेम दोन मात्रा टिकला. पण टोकाला गेलेल्या झोक्यासारखा तो वर थबकला, आणि त्या क्षणी सभागृहातलं एकही माणूस श्वास घेत नव्हतं. मग खालून मुंगीची जमीन वर आली, तिच्यावर ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, बासऱ्या, सगळं गाव आलं, आणि त्या एका फाटक्या सुराला त्यांनी अलगद मधोमध घेतलं.

*

सभागृह रिकामं झालं. पोरं आयांच्या हाताला धरून गेली. बाई स्वरलिपीचे स्टँड मिटत होत्या. दादा मंचाच्या कडेला पाय सोडून ट्रम्पेटमधलं पाणी झटकत होता. पेटी शेजारी उघडी होती. तिचं काय करायचं हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि बाईंनी विचारलं नव्हतं.

गडगड्या धापा टाकत पायऱ्या चढून वर आला. त्यानं दादाच्या पाठीत एक गुद्दा घातला.

“लेका, रडवलंस! मी ढोलवाला माणूस, मला रडायची सवय नाही.” मग त्यानं नाक पुसलं. “आणि वाजवायच्या आधी विंगेत बोटांवर तुझं ते नेहमीचं चाललंच होतं. बघितलं मी.”

“कुठलं नेहमीचं?” बाईंनी विचारलं.

“अहो, तीस वर्षं याची तीच तऱ्हा! मोठा कार्यक्रम असो, छोटा असो, आधी आत जाऊन ओठ गरम करायला हा तेच वाजवणार. एवढंसं आहे, पोराटोरांच्या गाण्यासारखं. आम्हाला सगळ्यांना पाठ झालंय.”

आणि गडगड्या आपल्या घोगऱ्या आवाजात ते गुणगुणू लागला. सा सा रे ग, ग म प...

बाईंच्या हातातला स्टँड अर्धा मिटून राहिला. कागद त्यानं एकदाच तर पाहिला होता. ट्रम्पेट पुसता पुसता.

आठव्या मात्रेवर गडगड्या थांबला. एक बोट वर करून, सवयीनं, गप्प राहिला. बराच वेळ. कुणी मंचाखाली उतरावं, काठी उचलावी, वर यावं, एवढा वेळ. मग पुन्हा गुणगुणू लागला.

ते भोक कागदावर नव्हतं. ते फक्त त्या शनिवारी, त्या सभागृहात होतं.

बाईंनी दाराकडे पाहिलं, जिथं उशिरा आलेले लोक उभे राहतात. मग भावाकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

“हा मधला थांबा तर काय सांगू,” गडगड्या म्हणाला. “ऐकताना जीव टांगणीला लागतो. कुणाचं आहे रे ते? दर वेळी विचारलं की म्हणायचास, असंच आहे, जुनं कुठलंतरी. आज तरी सांग.”

दादानं ट्रम्पेट पेटीत ठेवला. पेटीचं झाकण लावलं आणि ती उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता. गडगड्या थांबला. तिसऱ्या रांगेतून उठलेली वहिनी पायरीवर थांबली. बाईही थांबल्या, जशा त्या कायम थांबत आल्या होत्या.

“हिचं,” तो म्हणाला. मग ओठाचा डावा कोपरा बोटानं दाबून धरून, नीट, प्रत्येक शब्द सुटा करत, “माझ्या बहिणीचं आहे ते.”